अलेटा याकोब्स : स्त्रियांची डॉक्टर, स्त्रियांची पुढारी



हॉलंड म्हणजेच नेदरलँड्स हा देश आपल्या बेटाला परका नाही. १५९८ साली डच खलाशी येथे उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून त्यांनी या बेटाला नाव दिले. १६३९ साली त्यांनीच जावा बेटावरून ऊस आणून येथे लावला. १७१० साली ते निघून गेले, पण ऊस राहिला; आणि त्याच उसाच्या मळ्यांसाठी पुढे आपले पूर्वज कोकणचा किनारा सोडून जहाजाने येथे आले. आज आम्ही त्याच हॉलंड देशातील एका थोर स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचे नाव डॉक्टर अलेटा याकोब्स.

हे चरित्र निवडण्यास एक कारण आहे. आपल्या गावागावांत स्त्रियांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या अनेक भगिनी आहेत. कोणी परिचारिका आहे, कोणी सुईण आहे, कोणी कुटुंबनियोजनाचे काम करते, तर कोणी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या स्त्रीला आसरा मिळवून देते. या भगिनी राबतात पुष्कळ, पण सभेत निर्णय घ्यायची वेळ आली की त्या मागच्या बाकावर बसतात. त्यांना पुढे कोणी आणावे आणि कसे आणावे? पुढारी जन्माला येतो की घडवावा लागतो? अलेटाबाईंच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्यांच्या यशातून ते मिळतेच, आणि जेथे त्या थांबल्या तेथूनही मिळते.

बालपण व शिक्षण

अलेटाचा जन्म ९ फेब्रुवारी १८५४ रोजी हॉलंडच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन प्रांतात, साप्पेमेर नावाच्या गावी झाला. वडील अब्राहम याकोब्स हे गावचे डॉक्टर. घराणे यहुदी, मुलाबाळांचे गोकुळ मोठे आणि मिळकत बेताची. वडील रोगी पाहायला निघाले की लहानगी अलेटा त्यांच्याबरोबर जाई. आपणही वडिलांसारखे डॉक्टर व्हायचे, असे तिने लहानपणीच ठरवून टाकले.

पण त्या काळी मुलींना वरच्या शाळेत प्रवेश नव्हता. प्राथमिक शाळा संपल्यावर अलेटाला मोठ्या घरच्या मुलींच्या शाळेत घातले. तेथे शिवणकाम, फ्रेंच बोलणे आणि नीटनेटके वागणे शिकवीत. अलेटाला ते मुळीच रुचले नाही. थोड्याच दिवसांत ती घरी परतली. मग दिवसा आईच्या हाताखाली घरकाम आणि संध्याकाळी वडिलांजवळ लॅटिन व ग्रीक भाषेचा अभ्यास, असा क्रम सुरू झाला. १८७० साली तिने औषधविक्रेत्याच्या साहाय्यकाची परीक्षा दिली व ती उत्तीर्ण झाली. गावातील मुलांच्या माध्यमिक शाळेत केवळ श्रोता म्हणून बसण्याची परवानगीही तिला मिळाली.

पुढची पायरी विद्यापीठाची होती. हॉलंडमध्ये त्यापूर्वी सतराव्या शतकात आना मारिया फान स्खुरमान या विदुषीने उट्रेक्टच्या विद्यापीठात व्याख्याने ऐकली होती. पण विद्यार्थ्यांना दिसू नये म्हणून तिला आडोशामागे बसावे लागे. त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षे ते दार बंदच होते. सतरा वर्षांच्या अलेटाने वडिलांनाही न सांगता थेट देशाचे पंतप्रधान योहान तोर्बेके यांना पत्र लिहिले आणि विद्यापीठात बसण्याची परवानगी मागितली. तोर्बेके यांनी उत्तर पाठवले ते वडिलांच्या नावे. परवानगी मिळाली, पण एका वर्षाच्या परीक्षेपुरती. एप्रिल १८७१ मध्ये अलेटा ग्रोनिंगनच्या विद्यापीठात दाखल झाली. वर्ष संपता संपता तोर्बेके मरणशय्येवर पडले. १८७२ साली, मृत्यूपूर्वी काही दिवस आधी, त्यांनी तिची परवानगी कायम केली.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. अलेटा हुशार होती, जिद्दी होती, हे खरेच. पण तिला लॅटिन शिकवणारे वडील नसते, श्रोता म्हणून बसू देणारी शाळा नसती आणि पत्राला उत्तर देणारा पंतप्रधान नसता, तर ती जिद्द साप्पेमेरच्या स्वयंपाकघरातच विरून गेली असती. पुढारी होणाऱ्या माणसाच्या मागे असे तीन-चार हात नेहमी असतात.

मलेरियाच्या आजाराने अभ्यासात खंड पडला, तरी तिने चिकाटी सोडली नाही. अखेरचे शिक्षण अॅमस्टरडॅममध्ये घेऊन १८७८ सालच्या एप्रिल महिन्यात ती डॉक्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाली. ८ मार्च १८७९ रोजी मेंदूविषयीच्या प्रबंधावर तिला डॉक्टरेट मिळाली. हॉलंडची ती पहिली स्त्री-डॉक्टर. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्या १८८६ साली, म्हणजे सात वर्षांनी. आनंदीबाईंना दुर्दैवाने दीर्घायुष्य लाभले नाही. अलेटाबाईंना ते लाभले, आणि त्यांनी त्याचे सोने केले.

रोगी स्त्रियांनी दिलेले शिक्षण

पदवी घेतल्यावर अलेटाबाई काही महिने लंडनला राहिल्या. तेथे त्यांनी रुग्णालये पाहिली आणि चार्ल्स ब्रॅडलॉ, अॅनी बेझंट, डॉक्टर ड्रायस्डेल यांच्या मंडळींशी त्यांची ओळख झाली. याच अॅनी बेझंट पुढे हिंदुस्थानात येऊन राहिल्या व १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. गरीब घरातील वारंवारच्या बाळंतपणांचा प्रश्न या मंडळींनी उघडपणे मांडला होता आणि त्यासाठी ब्रॅडलॉ व बेझंट यांच्यावर १८७७ साली खटलाही झाला होता.

१८७९ च्या सप्टेंबरात अलेटाबाईंनी अॅमस्टरडॅममध्ये दवाखाना थाटला. लवकरच कामगार संघाच्या मदतीने त्यांनी मजुरांच्या बायकांसाठी वर्ग सुरू केले. विषय साधा होता : घराची स्वच्छता आणि तान्ह्या मुलांची निगा. वर्ग संपला की बायका बाईंभोवती जमत आणि आपापली दुखणी सांगत. तेव्हा बाईंनी याॅर्डान या गरीब वस्तीत आठवड्यातून दोन दिवस मोफत दवाखाना सुरू केला. तो त्यांनी सुमारे चौदा वर्षे चालवला.

त्या दवाखान्यात त्यांना जे शिकायला मिळाले ते कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते. आठ-दहा बाळंतपणांनी शरीर मोडलेली बाई पुन्हा गरोदर होऊन येई. डॉक्टर तिला सांगत की आता बाळंतपण झाले तर जगणार नाहीस. पण ते कसे टाळावे हे कोणी सांगत नसे. नवऱ्याकडून गुप्तरोग लागलेल्या बायका येत आणि आपल्याला काय झाले आहे हेही त्यांना ठाऊक नसे. त्या काळच्या डच कायद्याप्रमाणे बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहणे बंधनकारक होते; त्याच्या संमतीवाचून तिला साधा करारही करता येत नसे. अशा बाईने घरात नकार द्यायचा तरी कोणाच्या जोरावर? स्त्रीचे आरोग्य आणि घरातील तिचा छळ हे दोन निराळे प्रश्न नाहीत, ते एकाच चुलीवरचे आहेत, हे त्या दवाखान्यात स्पष्ट दिसत होते.

१८८२ च्या सुमारास त्यांना मेन्सिंगा या जर्मन डॉक्टरांच्या साधनाची माहिती मिळाली. गर्भाशयाच्या तोंडावर बसणारी ती रबराची टोपी होती, कडेला लवचीक कडी असलेली. प्रत्येक स्त्रीला तपासून योग्य मापाची टोपी द्यावी लागे आणि ती कशी वापरावी हे तिला शिकवावे लागे. अलेटाबाईंनी मेन्सिंगा यांच्याशी पत्रव्यवहार केला, साधनाची काळजीपूर्वक परीक्षा घेतली आणि मगच ते आपल्या रोगी स्त्रियांना देऊ लागल्या. जगातील पहिले संततिनियमन केंद्र म्हणून याच दवाखान्याचे नाव पुष्कळदा घेतले जाते. इतर डॉक्टरांनी व धर्मोपदेशकांनी त्यांच्यावर झोड उठवली, नाही नाही त्या अफवा पसरवल्या. बाई डगमगल्या नाहीत.

दवाखान्यात दुकानांतून काम करणाऱ्या मुलीही येत. त्या दिवसाचे दहा-अकरा तास उभ्या असत. गिऱ्हाईक नसले तरी त्यांना बसायची मनाई होती. एकीला औषध देऊन धाडावे, तर दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी हजर. औषधाने हा रोग जाणार नाही, दुकानात बसायला खुर्ची ठेवली तरच जाईल, हे ओळखून बाईंनी दुकानदारांविरुद्ध चळवळ आरंभली. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर तसा कायदा झाला. डॉक्टर बाईंच्या पुढारी बाई झाल्या त्या अशा. एका स्त्रीची तक्रार ऐकून तिच्यामागे उभ्या असलेल्या शंभर स्त्रिया त्यांना दिसू लागल्या.

मताचा हक्क

कायदे बदलायचे तर मत हवे. १८८३ साली अलेटाबाईंनी अॅमस्टरडॅमच्या मतदारयादीत आपले नाव घालण्याची मागणी केली. कर भरणाऱ्याला मत, असा नियम होता, आणि त्या पुरेसा कर भरत होत्या. बाईला मत नाही असे कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. नगरपालिकेने नकार दिला. बाई थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. तेथेही हार झाली. आणि १८८७ साली राज्यघटना सुधारताना सरकारने मतदार या शब्दामागे पुरुष हा शब्द मुद्दाम घालून टाकला. एका बाईच्या एका अर्जाने एवढी धास्ती घेतली होती!

१८९४ साली स्त्री-मताधिकार संघ स्थापन झाला. १९०३ पासून १९१९ पर्यंत अलेटाबाई त्याच्या राष्ट्रीय अध्यक्षा होत्या. याच सुमारास, १९०४ च्या आसपास, त्यांनी दवाखाना बंद करून सगळा वेळ चळवळीला दिला. त्यांचे पती कारेल व्हिक्टर गेरिटसेन हे व्यापारी व राजकारणी गृहस्थ. दोघांचा विवाह १८९२ साली झाला होता. १८९३ साली त्यांना झालेले मूल एका दिवसातच दगावले. १९०५ साली पतीही गेले. इतक्या स्त्रियांच्या बाळंतपणांची काळजी वाहणाऱ्या या बाईंची स्वतःची कूस रिकामी राहिली. पण त्यांनी काम सोडले नाही.

१९१५ साली महायुद्ध पेटले असताना त्यांनी पुढाकार घेऊन हेग शहरात स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली. लढणाऱ्या आणि तटस्थ अशा बारा देशांतील हजाराहून अधिक स्त्रिया तेथे जमल्या व त्यांनी शांततेची मागणी केली. अखेर १९१७ साली हॉलंडच्या स्त्रियांना निवडणुकीला उभे राहण्याचा आणि १९१९ साली मत देण्याचा हक्क मिळाला. १८८३ पासून मोजले तर ही छत्तीस वर्षांची लढाई होती.

पुढची पिढी घडवताना

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अलेटाबाईंनी आपल्यामागे माणसे तयार केली काय? चळवळीच्या बाबतीत याचे उत्तर होय असे आहे. १९०८ साली अॅमस्टरडॅमला मताधिकाराची जागतिक परिषद भरली, तेव्हा रोझा मानुस नावाची एका श्रीमंत तंबाखू व्यापाऱ्याची मुलगी मदतीला आली. तिच्या वडिलांनी तिला कामधंदा करू दिला नव्हता. अलेटाबाईंनी तिला हाताशी धरले, पत्रव्यवहार शिकवला, सभेची व्यवस्था शिकवली, परदेशी पाहुण्यांशी कसे बोलावे ते शिकवले. १९१५ च्या हेग परिषदेच्या व्यवस्थेत रोझाबाईंचा मोठा वाटा होता. १९३५ साली त्यांनी दोन मैत्रिणींसह अॅमस्टरडॅममध्ये स्त्रियांच्या चळवळीचे संग्रहालय स्थापन केले व अलेटाबाईंची कागदपत्रे तेथे जपली. १९४० साली जर्मनांनी तो संग्रह लुटून नेला. यहुदी असलेल्या रोझाबाईंना १९४१ साली अटक झाली आणि नाझींच्या कैदेतच त्यांचा अंत झाला. तो संग्रह पुढे मॉस्कोत सापडला आणि २००३ साली हॉलंडला परत आला. गुरूने दिलेली ठेव शिष्येने सांभाळली, म्हणून आज आपल्याला हे चरित्र सांगता येते.

दुसरे उदाहरण जावा बेटाचे. १९११ व १९१२ साली अलेटाबाई अमेरिकेच्या कॅरी चॅपमन कॅट यांच्याबरोबर जगाच्या प्रवासाला निघाल्या. दक्षिण आफ्रिका, इजिप्त, सिलोन, हिंदुस्थान असे करीत त्या जावाला पोहोचल्या. तेथे डच सरकार स्थानिक तरुणांना डॉक्टरी शिकवत असे, पण मुलींना प्रवेश नव्हता. बाळंतपणात बायका मरत होत्या आणि परपुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नव्हत्या. अलेटाबाईंनी तेथील गव्हर्नर-जनरलची भेट घेऊन मुलींना प्रवेश देण्याची मागणी केली. त्यांची बहीण शार्लोट हिने बटाव्हियात अनेक वर्षे स्वतःचे औषधालय चालवले होते. तिने इतरांच्या साहाय्याने अशा मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारला. त्याच वर्षी मारी थॉमस ही मुलगी बटाव्हियाच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाली आणि १९२२ साली डॉक्टर झाली. इंडोनेशियाची ती पहिली स्त्री-डॉक्टर. १९५० साली याच मारीबाईंनी सुमात्रात सुईणींची शाळा काढली. चाळीस वर्षांपूर्वी तोर्बेके यांनी अलेटासाठी जे केले, तेच अलेटाबाईंनी जावाच्या मुलींसाठी केले. आणि मारीबाईंनी ते सुमात्रातील सुईणींपर्यंत नेले.

जेथे दार बंद राहिले

पण एका ठिकाणी अलेटाबाई थांबल्या, आणि ते सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. संततिनियमनाची साधने डॉक्टरानेच द्यावीत, असा त्यांचा ठाम आग्रह होता. टोपीचे माप चुकले तर बाईला इजा होईल किंवा ती फसेल, ही भीती खोटी नव्हती. शिवाय विरोधक टपलेले होते. एक जरी चूक झाली असती तरी सगळे काम बदनाम झाले असते. १९१५ साली मार्गारेट सँगर ही अमेरिकन परिचारिका हे काम शिकण्यासाठी हॉलंडला आली व तिने अलेटाबाईंची भेट मागितली. बाईंनी नकार दिला. कारण एवढेच, की सँगर डॉक्टर नव्हती.

सँगर मग हेगला डॉक्टर योहानेस रुटगर्स यांच्याकडे गेली. रुटगर्स यांचे मत निराळे होते. हॉलंडमधल्या सगळ्या गरीब स्त्रियांपर्यंत पोहोचायचे तर डॉक्टर पुरणार नाहीत, शिवाय अनेक डॉक्टरांना हे काम करायचेच नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते परिचारिकांना, सुईणींना आणि कामगार वस्तीतील समंजस बायकांनाही तपासणी व माप घेण्याचे शिक्षण देत. अशा शिकलेल्या बायका आपापल्या गावी जाऊन काम करीत. सँगरनेही त्यांच्याकडे धडे घेतले आणि १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतील पहिले केंद्र उघडले. पोलिसांनी ते थोड्याच दिवसांत बंद केले. पण काम थांबले नाही. १९३५ साली हीच सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटली.

आम्ही येथे न्यायाधीश होऊ इच्छित नाही. अलेटाबाईंची काळजी रास्त होती आणि रुटगर्स यांची घाईही रास्त होती. पण परिणाम पाहावा. अलेटाबाईंचा मोफत दवाखाना त्यांनी सोडला तेव्हा बंद पडला. तो पुढे चालवण्यासाठी शिकवून तयार केलेली बाई तेथे नव्हती. रुटगर्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या बायका मात्र गावोगाव पसरल्या होत्या. चळवळीत अलेटाबाईंनी एका नवशिक्या मुलीला पुढारी बनवले, जावात शाळेचे दार उघडले. मग आपल्याच दवाखान्यात त्यांनी तसे का केले नसेल? आम्हाला वाटते, जी विद्या मोठ्या कष्टाने मिळते ती दुसऱ्याच्या हाती देताना माणसाचा हात अडखळतो. पुरुषांनी अडवलेली विद्या बाईंनी झगडून मिळवली होती. तिची किंमत कमी होऊ नये असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते.

आपल्या महाराष्ट्रातही हाच प्रश्न आला होता. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले आणि तेथे विधवा व गरजू बायकांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. जी बाई घरात ओझे समजली जात होती, ती रुग्णालयात मानाने उभी राहिली. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. नोकरी गेली, खटले झाले, तरी त्यांनी व त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी ते काम आणि समाजस्वास्थ्य हे मासिक सोडले नाही. ज्ञान खरे असेल आणि सांगणारा प्रामाणिक असेल तर त्याच्या नावापुढची पदवी दुसऱ्या क्रमांकाची ठरते.

बाईंच्या मागे

महायुद्धानंतर अलेटाबाईंची आर्थिक स्थिती खालावली आणि अखेरची वर्षे त्या हेगमध्ये स्नेह्यांच्या कुटुंबात राहिल्या. १९२४ साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. १० ऑगस्ट १९२९ रोजी बार्न या गावी त्यांचे निधन झाले. १९३१ साली अॅमस्टरडॅममध्ये संततिनियमनाचे सल्लाकेंद्र उघडले, त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. विवाहित स्त्रीला कायद्याने असमर्थ ठरवणारा नियम मात्र १९५६ सालच्या कायद्याने रद्द झाला, बाईंच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी.

घरातील मारहाणीचा प्रश्न तरीही दाराआडच होता. १९७४ साली अॅमस्टरडॅममध्ये काही तरुण बायकांनी एका घरात मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी आसरा सुरू केला. त्याचे नाव ब्लेइफ फान मेइन लेइफ, म्हणजे माझ्या अंगाला हात लावू नका. नवऱ्यांनी शोधत येऊ नये म्हणून घराचा पत्ता गुप्त ठेवीत. तेथे काम करणाऱ्या बहुतेक जणी स्वयंसेविका होत्या, आणि आसरा घेणाऱ्या बायकांनीही घर चालवण्यात वाटा उचलावा असा तेथील रिवाज होता. पाहता पाहता इतर शहरांतही अशी घरे निघाली. पुढे पगारी व प्रशिक्षित कार्यकर्त्या आल्या, सरकारचा पैसा आला, आणि २०१५ पासून देशभर घरगुती हिंसेची तक्रार व सल्ला यांसाठी एकाच नावाची केंद्रे चालतात. डॉक्टर की शिकलेली बाई, पदवी की अनुभव, हा जुना वाद तेथेही झालाच. उत्तर एकच निघाले : दोन्ही हवे, आणि दोघींनी एका टेबलाशी बसायला हवे.

आपल्यासाठी बोध

आपल्या बेटाचा अनुभव याला दुजोरा देतो. १९५७ साली येथे मॉरिशस फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन स्थापन झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी येथील स्त्रीला सरासरी सहा मुले होत. दहा वर्षांत ते प्रमाण जवळजवळ तिनावर आले. जगात फार थोड्या ठिकाणी इतका बदल इतक्या लवकर झाला. यात डॉक्टरांचा वाटा होताच, मुलींच्या शाळांचा होता, आणि घरोघर जाऊन, ओट्यावर बसून, सासूची समजूत घालून सुनेशी बोलणाऱ्या बायकांचाही होता. १९९७ साली घरगुती हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा येथे आला. कायदा कागदावर असतो. घाबरलेल्या बाईचा हात धरून तिला पोलीस ठाण्यात व न्यायालयात नेणारी दुसरी बाईच असते.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून शिक्षकाच्या रीतीने एक गोष्ट सांगतो. शिक्षक घडवताना त्याला नुसते पुस्तक वाचायला देत नाहीत. प्रथम तो अनुभवी शिक्षकाचा पाठ मागे बसून पाहतो. मग त्याच्यासमोर स्वतः पाठ घेतो. चुकले तर वर्गाबाहेर त्याला समजावतात, मुलांदेखत नव्हे. मग एक दिवस वर्ग त्याच्या हवाली करतात आणि दार ओढून घेतात. स्त्रियांच्या आरोग्याचे व संरक्षणाचे काम करणाऱ्या भगिनींना अशीच तयारी मिळायला हवी. जी परिचारिका रोज पन्नास बायकांचे ऐकते, तिला हिशेब वाचायला शिकवावे, अहवाल लिहायला शिकवावे, अधिकाऱ्यांपुढे उभे राहून बोलायला शिकवावे. समितीत तिला केवळ चहा देण्यासाठी बोलावू नये, मत देण्यासाठी बोलवावे. जी बाई स्वतः मारहाणीतून बाहेर पडली आहे, तिला दयेची वस्तू न समजता, ती तयार असेल तेव्हा, शिकवून कार्यकर्ती करावे. आणि ज्या आज पुढारी आहेत त्यांनी आपली जागा पुढे कोण घेणार हे आजच ठरवून तिला शेजारी बसवावे.

अलेटाबाईंनी एका पत्राने विद्यापीठाचे दार उघडले आणि त्यातून पुढे हजारो मुली गेल्या. त्यांच्या आयुष्यात जेथे जेथे त्यांनी दुसरीला आत घेतले, तेथे काम त्यांच्यानंतरही चालले. जेथे घेतले नाही, तेथे ते दुसऱ्या कोणाला नव्याने उभारावे लागले. आपल्या गावच्या आरोग्यकेंद्रात, महिला मंडळात, आसऱ्याच्या घरात आज कोण शिकते आहे आणि तिला कोण शिकवते आहे, हे प्रत्येकाने जाऊन पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.